सतराशे दहा ग्रॅम

हे घडलं तेव्हा रात्र नव्हती.

आधीच सांगितलेलं बरं, कारण असं काही सांगायला घेतलं की ऐकणारा पहिला प्रश्न तोच विचारतो. रात्री किती वाजता? रात्र नव्हतीच. दुपारचे दोन ते चार. महिना जानेवारी, साल दोन हजार तेवीस. जबलपूरच्या नेपियर टाउनमधलं एक खासगी हॉस्पिटल, तिसरा मजला. नाव घेणार नाही, कारण तिथल्या डॉक्टरांनी एक जीव वाचवला आहे. पण तारखा आणि आकडे त्यांच्याच फाईलमध्ये आहेत. ज्याला खोटं वाटेल त्याला वाटू द्या.

ज्या बाईसोबत हे घडलं तिचं नाव यशोधरा. अकरावी-बारावीच्या मुलांना कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. घर बौद्ध. आजेसासरे नागपूरहून रेल्वेच्या नोकरीला आले आणि इथलेच होऊन गेले. भूतखेत, नजर, लिंबू-मिरची, यातलं काहीएक त्या घरात चालत नाही. म्हणून तर ती तीन वर्षं गप्प राहिली.

आता मात्र तिला बोलावंच लागलं. का, ते शेवटी येईल.

तीन जानेवारीला सकाळी तिला मुलगी झाली. सात आठवडे आधी. वजन चौदाशे चाळीस ग्रॅम.

अश्वजीत, तिचा नवरा, काचेतून बघून आला आणि म्हणाला, "माझ्या तळहातापेक्षा थोडी मोठी आहे."

दुसऱ्या दिवशी कळलं की हृदयातही दोष आहे.

लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. ऋचा देवपुजारी नागपूरहून दर दुसऱ्या शनिवारी यायच्या. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून अंगभर रक्त नेणारी मोठी नळी एका जागी चिमटल्यासारखी अरुंद होती.

"तेवढा भाग कापून टोकं जोडायची," त्या म्हणाल्या. "पण आत्ता ती नळी काडेपेटीतल्या काडीएवढी आहे. अठराशे ग्रॅम होऊ दे. तोवर औषधावर धरून ठेवू."

"आणि नाही झाली तर?" यशोधराने विचारलं.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "औषधही फार दिवस चालवता येत नाही. चौदाशेच्या खाली गेली तर मला थांबताही येणार नाही आणि कापताही येणार नाही."

म्हणजे सगळं एका आकड्यावर येऊन थांबलं होतं. अठराशे.

बाळ जरा स्थिर झाल्यावर यशोधराला कांगारू रूममध्ये बसवायला लागले. छोटीशी खोली. रेक्झिनच्या चार आरामखुर्च्या, मध्ये हिरवे पडदे. आईने बाळाला उघड्या छातीवर घ्यायचं, वरून चादर बांधायची आणि दोन तास हलायचं नाही. आईच्या उबेने बाळ वाढतं. बाळाच्या पायाला वायर, वायर मॉनिटरला. रक्तात ऑक्सिजन किती ते तिथे दिसत राहतं.

खुर्चीत बसलं की रेक्झिन चर्रकन वाजायचं. तेवढाच काय तो आवाज.

तिथेच इंदू भेटली. जबलपूरजवळच्या शहपुऱ्याची. घरची मटाराची शेती. तिच्या मुलाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर आपोआप बंद होणारी एक वाट उघडीच राहिली होती. तोही वजनासाठीच थांबलेला. इंदूचं माहेर महाराष्ट्रातल्या आमगावकडचं, म्हणून मोडकंतोडकं मराठी यायचं. त्या हिंदी वॉर्डात दोघींना ते पुरेसं होतं.

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "डॉक्टर काय बोलून राहिले, मला समजावत जा बरं."

यशोधरा समजावायची. इंदू ऐकायची आणि बदल्यात मेथीचे पराठे द्यायची.

एक गोष्ट मात्र यशोधराला विचित्र वाटली होती. सकाळी वजन झालं की नर्स आकडा तोंडाने सांगायच्या नाहीत. चिठ्ठीवर लिहून आईला दाखवायच्या आणि चिठ्ठी खिशात घालायच्या. तिला वाटलं, असेल इथली पद्धत.

सोमवार, सोळा जानेवारी.

इंदू जेवायला गेली होती. यशोधरा एकटी, छातीवर लेक. बाहेर थंडीचं मळभ. झोप येत होती.

आणि कोणीतरी बोललं...

"किती झालं?"

मराठीत.

तिने मान वळवली. भिंतीकडच्या चौथ्या खुर्चीत एक बाई बसली होती. तिशीची असेल. फिकट साडी, चापून बसवलेले केस. तिच्याही छातीशी चादर बांधलेली. कधी आली, कळलंच नव्हतं.

बाहेरच्या गावात आपली भाषा कानावर पडली की माणूस सैल होतो. यशोधरा हसून म्हणाली, "पंधराशे साठ!"

बाईने ऐकलं. नुसती मान हलवली.

मंगळवारी सकाळी चिठ्ठी आली. पंधराशे तीस.

"होता है दीदी, ऊपर-नीचे," एकता सिस्टर म्हणाली.

दुपारी तीच बाई. तोच प्रश्न. यशोधराने उदास होऊन सांगितलं.

बुधवारी चौदाशे नव्वद.

पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

गुरुवारी चौदाशे पन्नास.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, दूध वाढवलं, औषधाची मात्रा बघितली. काहीच सापडलं नाही. बाळ दूध पचवत होतं, ताप नव्हता, आणि रोज झिजत होतं.

गुरुवारी दुपारी यशोधराने त्या बाईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

तिच्या चादरीतून वायर बाहेर आलेली नव्हती. मॉनिटर नव्हता. हातात हॉस्पिटलची पट्टी नव्हती. चार दिवसांत तिच्या बाळाने एकदाही कुईं केलं नव्हतं. आणि ती बसताना, उठताना, खुर्चीचं रेक्झिन कधीच वाजलं नव्हतं...

सोमवारी तिच्या छातीवरची चादर घडी घातलेल्या टॉवेलसारखी सपाट होती. हे यशोधराला स्पष्ट आठवत होतं.

आता ती थोडी फुगली होती.

"किती झालं?"

यशोधराने डोळे मिटून घेतले. पण तोंडातून आकडा निघून गेलाच. सवयीने.

शुक्रवारी तिला अंगात ताप भरल्यासारखं झालं. कांगारूला तिच्या सासूबाई बसल्या, पार्वताबाई. संध्याकाळी घरी आल्यावर यशोधराने विचारलं, "आई, भिंतीकडच्या खुर्चीत कोणी होतं?"

"कोणी नव्हतं वं. रिकामी होती. काहून?"

"काही नाही."

शनिवारी सकाळी चिठ्ठी आली. पाच दिवसांत पहिल्यांदा वजन वाढलं होतं. वीस ग्रॅम.

यशोधरा शास्त्र शिकवणारी बाई. एक गोष्ट बदलली की निकाल बदलतो, हे ती रोज फळ्यावर सांगते. तिने एकता सिस्टरला जिन्यापाशी गाठलं आणि त्या बाईबद्दल विचारलं.

एकता सिस्टर हसली नाही. "कौन बाई?" असंही म्हणाली नाही.

तिने आधी मागे वळून बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "आपने जवाब दिया क्या?"

"चार दिवस," यशोधरा म्हणाली.

"मत दीजिए. कुछ भी हो, मत दीजिए. इस वार्ड में वजन बोलते नहीं हैं दीदी. आप पढ़ी-लिखी हैं, हँसेंगी, इसलिए पहले नहीं कहा."

"पण ती आहे कोण?"

"मुझे नहीं पता. मैं आई उसके पहले से है." एवढं बोलून ती खाली उतरून गेली. त्यानंतर तिने हा विषय कधीच काढू दिला नाही.

घरी सांगायची सोय नव्हती. अश्वजीतने डॉक्टर शोधला असता, पण बाळासाठी नाही, तिच्यासाठी. यशोधराने ओठ शिवून घेतले.

इंदू जेवायला गेली की बाई रोज यायची. रोज विचारायची. यशोधरा मॉनिटरकडे बघत मनातल्या मनात आवर्त सारणी म्हणायची. हायड्रोजन, हेलियम, लिथियम...

वजन वाढू लागलं. चौदाशे नव्वद. पंधराशे पन्नास. सोळाशे दहा.

पण बाई जवळ येत गेली.

चौथ्या खुर्चीतून तिसरीत. मधला पडदा न हलता. तिसरीतून शेजारच्या खुर्चीत. आवाज तोच राहिला. ना राग, ना विनवणी. दुकानात भाव विचारावा तसा.

"किती झालं?"

तीन फेब्रुवारी, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी डॉ. ऋचा येणार होत्या. सकाळची चिठ्ठी सतराशे नव्वदची होती, अठराशेला दहाच कमी. ऑपरेशन ठरलं.

दुपारी इंदू मुलाला नर्सकडे देऊन बाहेर निघाली होती. जाता जाता थांबली. चेहरा नुसता फुलला होता. तिने नर्सकडून मागून घेतलेली चिठ्ठी यशोधराच्या डोळ्यांसमोर धरली. बोलली नाही, फक्त दाखवली.

१७१०.

"पंधरा दिवसांनी याचंही करतील म्हणाले," ती कुजबुजली. "ताई, दोघं सोबतच शाळेत जातील बघा." आणि गेली.

एकता सिस्टर संमतीचे कागद आणायला खाली गेली. खोलीत यशोधरा आणि तिची लेक.

त्या दिवशी दोन वाजले तरी धुकं उतरलं नव्हतं. खिडकी पांढरी होती. हीटरची घरघर चालू होती...

घरघर थांबली.

यशोधराने मान वळवली नाही. वळवायची गरजच नव्हती. शेजारच्या खुर्चीतून गार श्वास तिच्या दंडावर येत होता.

"किती झालं?"

हायड्रोजन. हेलियम.

मॉनिटरवर चौऱ्याण्णव होते. नव्वद झाले.

"किती झालं?"

शहाऐंशी.

अलार्म वाजायला हवा होता. नव्वदच्या खाली गेलं की वाजतोच. वाजला नाही.

एकोणऐंशी... त्र्याहत्तर...

लेकीच्या ओठांभोवती निळसर कडा उमटली. यशोधराने ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. बेल भिंतीवर होती, हात उचलेना. छातीवरचा तो इवलासा ठोका मंद होत गेला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

"किती झालं?"

अडुसष्ट.

आणि यशोधराचा आवाज फुटला.

"सतराशे दहा."

क्षणभर काहीच झालं नाही.

मग ती बाई म्हणाली, "अच्छा."

आणि उठली. उठताना खुर्चीचं रेक्झिन चर्रकन वाजलं. पहिल्यांदाच. अंगात वजन असलेलं माणूस उठतं तसं. तिच्या चादरीच्या आतून बाळाची एक बारीकशी उचकी ऐकू आली...

हीटर घरघरू लागला. मॉनिटर केकाटला. एकता सिस्टर धावत आली तोवर आकडा पुन्हा चौऱ्याण्णववर होता आणि यशोधरा हुंदके देत होती.

इथे एक गोष्ट यशोधराने स्वतः सांगितली म्हणूनच लिहिता येते.

तो आकडा तोंडातून निसटला नव्हता. तिला कोणताही आकडा सांगता आला असता. दोन हजार, पाच हजार, काहीही. पण त्या क्षणी तिला आतून पक्कं कळलं होतं की खोटा आकडा चालणार नाही. कोणाचा तरी खरा आकडा लागेल. आणि एकच तिच्या डोळ्यांसमोर होता.

तिला माहीत होतं ती काय करते आहे.

शनिवारी सकाळी नऊला लेकीला आत नेलं. डाव्या काखेखालून छोटासा छेद घेतला. एक तास चाळीस मिनिटं. डॉ. ऋचा बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, "फार चिवट आहे तुमची पोरगी."

अश्वजीत खाली बसून रडला. पार्वताबाईंनी हात जोडले आणि पुटपुटत त्रिशरण म्हटलं.

यशोधरा मात्र कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला बघत होती. तिथे दोन नर्स वजनकाटा हलवून बघत होत्या. एकीने पाण्याची बाटली ठेवून तपासला. दुसरा काटा आणला. पुन्हा तपासला.

इंदूच्या मुलाचं वजन पंधराशे साठ आलं होतं. एका रात्रीत दीडशे ग्रॅम गेले होते.

रविवारी पहाटे तो गेला.

डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग असावा. नंतर रिपोर्ट आला. त्यात कोणताच जंतू सापडला नव्हता.

इंदू लिफ्टपाशी उभी होती. हातात गुंडाळलेलं बाळ. यशोधराला बघून तिने दुसऱ्या हाताने तिला जवळ ओढलं. "तुमची वाचली ना, ताई," ती म्हणाली. "एकीची तरी वाचली."

लिफ्ट आली. इंदू आत गेली.

मुलीचं नाव प्रणोती ठेवलं. आज ती तीन वर्षांची आहे. धावते, पडते, खूप बोलते, अर्धं मराठी अर्धं हिंदी. पाठीवर एक बारीक पांढरी रेघ, बाकी काही नाही. सगळे म्हणतात, नशीबवान आहे.

यशोधरा हॉस्पिटलच्या गल्लीतून जात नाही. कोचिंगला जायला लांबचा रस्ता घेते.

गेल्या डिसेंबरात ती जबलपूरच्याच गढा भागातल्या बाजारात भाजी घेत होती. प्रणोती बोट धरून. कोणीतरी हाक मारली, "ताई!"

मटाराच्या ढिगामागे इंदू बसली होती. घरचा माल घेऊन आलेली. पोट पुढे आलेलं, सातवा महिना.

तिने प्रणोतीला मांडीवर घेतलं, गालाला हात लावला, शेंगा सोलून सोलून खायला दिल्या. डोळे भरून आले पण हसत होती. मग प्रणोती शेंगांत रमल्यावर ती हळूच म्हणाली,

"ताई, एक विचारू? तुम्हाला ती बाई दिसली होती का? तिथली?"

यशोधराने होकाराची मान हलवली. खोटं बोलता आलं नाही.

"मला वाटलंच. मला पण दिसायची. मला हिंदीत विचारायची. पण मी एकदा पण नाही सांगितलं, ताई. एकता दीदीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी तोंडात पदर कोंबून बसायची."

बाजारात केवढा गोंगाट होता. यशोधराला फक्त इंदूचा आवाज ऐकू येत होता.

"शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला घेऊन बसली होती. ती आली. त्या दिवशी तिने विचारलंच नाही. खाली वाकून आपणच बोलली..."

इंदूने एक शेंग सोलून प्रणोतीच्या हातात दिली.

"'सत्रह सौ दस.' एकदम बरोबर. आणि हसली." तिने पदराने नाक पुसलं. "ताई, तिला कोणी सांगितलं असेल हो? मी तर कोणालाच बोलली नव्हती."

यशोधरा म्हणाली, "मला नाही माहीत."

हे वाक्य आपल्या तोंडून निघालं यावर तिचा आजही विश्वास बसत नाही. पण निघालं.

इंदूने जबरदस्तीने पिशवीत मटार घातले आणि यशोधराचा नंबर घेतला.

मागच्या सोमवारी फोन आला.

इंदूला मुलगी झाली आहे. वेळेच्या पाच आठवडे आधी. सोळाशे ग्रॅम. हृदयात छिद्र आहे. शहपुऱ्याहून नेपियर टाउनला पाठवलं आहे. तेच हॉस्पिटल, तोच तिसरा मजला. दुसरीकडे जागा नव्हती.

"ताई, उद्यापासून कांगारूला बसवणार," इंदू म्हणाली. "मला एकटीला भीती वाटते. तुम्ही माझ्याजवळ येऊन बसाल? तुम्ही असल्या की ती जवळ येणार नाही. तुमची वाचली ना."

यशोधराने प्रणोतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "येते."

त्या रात्री तिने सगळं अश्वजीतला सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. तो म्हणाला, हा सगळा थकव्याचा भास होता. थोड्या वेळाने म्हणाला, "पण तू जाऊ नको." पार्वताबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "जा. आणि तिला खरं सांग."

मंगळवारी ती गेली. बुधवारी गेली. आजही दुपारी दोनला गेली होती.

खोली तशीच आहे. खुर्च्या नवीन आहेत. चौथी खुर्ची रिकामी आहे. अजून तरी.

इंदू डोळे मिटून बसते आणि यशोधराचा हात घट्ट धरून ठेवते. यशोधरा रोज ठरवून जाते की आज सांगायचं. रोज चार वाजतात.

आज निघताना इंदूने विश्वासाने तिच्या हातात काहीतरी सरकवलं. सकाळची चिठ्ठी.

"तुमच्यापाशी ठेवा, ताई. माझ्यापाशी नको."

यशोधराने ती उघडली नाही. घडी तशीच ठेवून घरी आली. गॅसवर जाळली.

पण जळताना कागद उलगडला, आणि तिने आकडा वाचला.